गार इंजिनाची टकटक

ट्रकच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, की नत्थुजींच्या घरात सगळ्यांच्या नजरा आधी वर्षालीकडे वळत. बिघाड इंजिनाचा आणि चोर सून! दसऱ्यापर्यंत असं नव्हतं. तोवर नत्थुजी अंजनगाव सुर्जीच्या बाजारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून टरक चालोते. अकोल्याच्या मंडीत लोकं काम सोडून पाह्यत राह्यतेत." सांगताना मिशीला पीळ द्यायचे, आणि मिशी तर धड पीळ देण्याइतकी नव्हतीही.

घर फुलं पिकवणारं. झेंडू, शेवंती, बांधाला थोडा निशिगंध. पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक घेतला तेव्हा तो मुलगा शुभम चालवणार असं ठरलं होतं. पण शुभमला लहानपणापासून अंधारात दिसत नाही, आणि फुलांची गाडी तर उजाडायच्या आत निघायला हवी. हे गाडी दारात आल्यावर लक्षात आलं. हौसेपुढे कोणाला काय सुचतं! नत्थुजींना बैलांपलीकडे काही हाकता येत नव्हतं. शेवटी वर्षालीच म्हणाली, "मले शिकवा नं."

तिचं माहेर तिवश्याचं, हायवेच्या काठचं. ट्रकची भीती तिला नव्हतीच. ती शिकली, लायसन मिळालं, तरी सुरुवातीला नत्थुजी शेजारी बसत, दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून. समोरून बैलगाडी आली तरी "हो, हो, हो" करून ओरडायचे, जणू ट्रक त्यांचं ऐकणार होता. मग हळूहळू दांड्यावरचे हात सुटले. मग ते शेजारी बसून झोपायला लागले. सासऱ्याने सुनेच्या भरवशावर भर रस्त्यात घोरावं, याहून मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या वऱ्हाडात तरी दुसरं नाही.

यंदाच्या दसऱ्याला ती पहिल्यांदा एकटी झेंडू घेऊन अकोल्याला गेली. माल हातोहात गेला आणि जेवणवेळेच्या आत ती रिकामा ट्रक घेऊन अंगणात हजर. त्या दिवशी तिचं जे कौतुक झालं ते लग्नातही झालं नव्हतं. गाडी थांबते न थांबते तोच नत्थुजींनी बॉनेट उघडायला लावलं, हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, इंजिनावर नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच्या हाताने सुनेच्या तळहातावर ठेवला. मैनाबाई, तिची सासू, नुसती हसत उभी होती.

आणि त्यानंतर दिवा लागला.

सिग्नलला गाडी उभी केली की इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. कधी बंदच पडायचं. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा जास्त प्यायचं. अंजनगावच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि सांगितलं, "लीन चालून राह्यली." म्हणजे काय, तर इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पाणी जास्त आणि बेसन कमी पडलेलं पिठलं जसं. त्याने हवेचा फिल्टर बदलला. दिवा विझला आणि परत लागला. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला. दिवा विझला आणि परत लागला. अकोल्याच्या एका वर्कशॉपात तर सेन्सर नवा घातला, हार घालून गाडी परत दिली, आणि घरी येईपर्यंत दिवा पुन्हा हजर. दिवाळी अशीच कुंथत-थांबत गेली. एकदा वाटेत बंद पडून शेवंती उन्हात कोमेजली आणि मंडीत कोणी हात लावेना.

तेव्हापासून नत्थुजींचं कौतुक आंबलं. माणसाला कारण सापडलं नाही की तो जवळचं माणूस शोधतो. "संग बसत होतो तवा गाडी चांगली होती," ते म्हणायला लागले, "एकटीच्या हाती देल्ली अन बिघडली. मशीनले हात लागा लागते." तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई उघडली, हारांच्या ऑर्डरी आल्या, आणि एका संध्याकाळी जेवताना ते ताटाकडेच बघत बोलले, "सोमवारपासून सहदेव येईन चालवाले. त्याच्यासंग बोललो मी." सहदेव हा शेजारच्या गावचा ड्रायव्हर. "वर्षालीनं वावरात पाह्यावं."

 देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला ट्रकची किल्ली टांगलेली असायची, तिकडे वर्षालीची नजर गेली आणि हातातला घास तिने ताटात परत ठेवला. तिला वावराचा कंटाळा नव्हता. पण पहाटे फुलांच्या वासाने भरलेली गाडी घेऊन एकटीने रस्त्याला लागायचं, मंडीत स्वतः भाव बोलायचा, येताना काच खाली करून आपल्याच नादात यायचं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. ते असं फिल्टर आणि पंपांच्या नावाखाली जाणार, याचा तिला राग राग आला.

शनिवारी माल उतरवून परत येताना तिने अकोटला गाडी थांबवली. शुभम सोबत होता. "एकडाव गजेंद्र मिस्त्रीले दाखवू," ती म्हणाली. "मंग देजा चाबी सहदेवले."

गजेंद्र मिस्त्रीचं गॅरेज अकोटच्या बाहेर, कापसाच्या एका जिनिंगच्या भिंतीला लागून. हंगाम चालू होता, त्यामुळे रुईचे पुंजके उडून त्याच्या पान्यांवर, चहाच्या भांड्यावर, खुद्द त्याच्या डोक्यावर बसलेले. हा माणूस कामात पक्का आणि तोंडाने फटकळ, आणि नम्रतेशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. "अकोट ते अकोला माह्यासारखा मिस्त्री भेटला तं मले सांगजा," हे त्याचं राम राम म्हणण्याच्या जागी असायचं. वर्षालीला आधी तो बढाईखोर वाटला. अर्ध्या तासात मात्र ती त्याच्या हातांकडे बघतच राहिली.

कारण त्याने काहीच बदललं नाही. आधीच्यांनी काय काय बदललं ते ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "पार्ट बदलून पाह्यनं म्हंजे रिपेरिंग नाई, लॉटरी हाये." मग स्कॅनर लावला, आकडे पाहिले. गाडी चालू ठेवून एकेका रबरी नळीवर पाण्याचा फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकलं. बदलला नाही. मग इंजिन बंद करून एक प्लग खोलला, उन्हात धरला, आणि बराच वेळ त्याकडे टक लावून बसला. प्लग काजळीने काळाकुट्ट होता.

"हे पाह्य भाऊ," तो शुभमला म्हणाला. "कंप्यूटर म्हन्ते, गाडी उपाशी हाये. प्लग म्हन्ते, पोट फुटेस्तोर जेवली. दोघातला एक खोटा बोलून राह्यला. प्लगले खोटं बोलता येत नाई."

पण खोटं कोण बोलतंय ते काही त्याला सापडेना. एक रबरी नळी कानाला लावून त्याने तिचं दुसरं टोक इंजिनभर फिरवलं, डॉक्टर छाती तपासतो तसं. काही नाही. चहा मागवला. चहा पीत गाडीकडे रागाने बघत राहिला. वर्षालीला वाटलं, झालं, हाही हरला. तिने मनातल्या मनात किल्ली खिळ्याला टांगून टाकली.

तेवढ्यात त्याने विचारलं, "चालवते कोन?"

"हे," शुभमने तिच्याकडे बोट केलं.

गजेंद्र स्टुलासकट तिच्याकडे वळला. "मंग मी तुमच्यासंग काहून बोलून राह्यलो? ताई, तुमी सांगा. सकायी चाबी फिरवल्यापासून सांगा. बारीकसारीक काई सोडू नका."

इतक्या दिवसांत एवढ्या जणांनी बॉनेटमध्ये डोकी घातली होती. तिला हे कोणी विचारलं नव्हतं. प्रत्येक जण शुभमला किंवा नत्थुजींना विचारायचा, आणि ते दोघं आपल्या मनचं सांगायचे. वर्षालीने सांगायला सुरुवात केली. पहाटे गाडी कशी सुरू होते, कुठे थरथरते, चढाला बरी असते आणि उभी केली की हैराण करते. सांगता सांगता म्हणाली, "अन सकायी सुरू केली की टकटक वाजते. जिभेनं टाळूले वाजवतो नं आपन, तशी. पानमळ्याच्या पुढचा पूल येईस्तोर वाजते, मंग आपोआप बंद होते. आता थंडी पडली तं पुलाच्याही पुढी जाते."

गजेंद्रने कप खाली ठेवला. "दसऱ्याच्या पह्यले वाजे?"

"नाई."

"हे कोनाले सांगतलं काहून नाई?"

"मले इचारलं कोनी?"

तो एवढ्या मोठ्याने हसला की जिनिंगच्या भिंतीवरचे पारवे उडाले. "ताई, इंजिन तुमच्यापाशी रोज सकायी बोलून राह्यलं, अन आमी सारे त्याले दुपारी इचारून राह्यलो! गरम झालं की ते चूप. गाडी माह्याकडे येते तीस-चाळीस किलोमीटर पयून, तापून. मले ऐकू येईन कसं?" तो उठला. "उद्या ऐतवार. मंडी नाई. गाडी जागची हलवू नका, चाबीले हात लावू नका. सकायच्या यष्टीनं मी येतो."

घरी जाताना दिवा लागलेलाच होता, पण वर्षालीला तो जरा कमी पिवळा वाटला. आपण रोज ऐकत होतो ते काहीतरी होतं, या एका गोष्टीने तिला इतकं बरं वाटलं की ती शुभमला म्हणाली, "मिस्त्री मोठा हाये." शुभम म्हणाला, "तोंडानं तं हायेच."

रविवारी सकाळी गजेंद्र खरोखरच एसटीतून उतरला, खांद्याला पिशवी, गळ्यात मफलर. अंगणात गारठा होता. नत्थुजी ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते, चेहऱ्यावर 'आणखी एक आला' असा भाव. मैनाबाईने चहा आणला तर गजेंद्र म्हणाला, "आधी गाडी, मंग चहा. चहा गरम केला तं होते, गाडी एकडाव गरम झाली तं दिवस गेला."

त्याने गार इंजिनाच्या बाजूचा एक पातळ पत्रा खोलला. त्या पत्र्याआड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड नळ होता. इंजिनातून जळका धूर पहिल्यांदा त्या नळात येतो आणि तिथून सायलेन्सरकडे जातो. मग त्याने ओलं फडकं शुभमच्या हातात दिलं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उभं केलं. "मी म्हन्लो की दाबून धराचं. धूर मागून निघाला नाई, की जिथून चोरवाट असन तिथून निघन." आणि वर्षालीला म्हणाला, "ताई, चाबी तुमी फिरवा."

तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, सुरू झालं. आणि लगेच ती आली. टक, टक, टक, टक. आज पहिल्यांदाच सगळे तो आवाज ऐकत होते. शुभमने फडकं दाबलं तशी टकटक मोठी झाली, जणू पकडली गेल्यावर आरडाओरडा करत होती. गजेंद्रने रबरी नळी कानाला लावली, टोक त्या बिडावरून तसूतसूने सरकवलं, एका जागी थांबला. मग वर्षालीला हात करून खाली बोलावलं आणि नळी तिच्या कानाला लावली.

"ऐका. तुमचीच हाये."

तिच्या कानात इंजिन फुसफुसत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने आलं असं कोणी म्हटलं असतं तर तिने ऐकून घेतलं नसतं.

इंजिन बंद केलं. गजेंद्रने बॅटरीचा झोत टाकला. बिडावर केसाएवढी एक भेग होती. भेगेच्या वरच्या टोकाशी, पत्र्याच्या फटीतून आत उतरून जळलेला, चिकट तपकिरी ओघळ होता, आणि त्या ओघळात, सोनाराच्या चिमट्याने ठेवावा तसा, लाल कण. गजेंद्रने तो ओघळ नखाने खरवडला, हुंगला.

"गोड हाये काईतरी. अन हे कुंकू. इथं काय सांडलं होतं?"

 मग नत्थुजी ओट्यावरूनच म्हणाले, आणि जरा तोऱ्यातच म्हणाले, "सांडलं काय म्हन्तं? नारय फोडला म्या. दसऱ्याले इंजिनवर नारय फोडाची आमच्या घरची रीत हाये. माह्या बापानं वावरातल्या हिरीवरच्या ऑइल इंजिनवर फोडला, म्या फोडला."

"हिरीवरचं इंजिन दसऱ्याले चालू राहे का?"

"नाई बाप्पा! पूजेच्या दिवशी मशीन चालवतेत का? आदल्या सांजीले बंद करत होतो, धूत होतो."

"अन टरक?"

 फुलं पिकवणाऱ्याच्या घरी दसऱ्याला सगळं थांबेल, पण गाडी थांबणार नाही. त्या दिवशी झेंडू गेला नाही तर वर्षाचं काय? ट्रक अकोल्याहून धावत आलेला, तापून लाल झालेला, आणि त्या क्षणी नत्थुजींनी...

"गरम बिडाच्या तव्यावर गार पानी टाकत नाई," मैनाबाई हळूच म्हणाली. चहाची किटली तिच्या हातातच होती. "तडकते. माह्या मायनं शिकवलं मले. म्या वर्षालीले शिकवलं."

त्या घरातल्या प्रत्येकाला ही गोष्ट चुलीपाशी ठाऊक होती. बॉनेटखाली कोणालाच आठवली नव्हती, वर्षालीलाही नाही. तीही तेव्हा तळहातावरच्या खोबऱ्याकडेच बघत होती.

गजेंद्रने मग चहा घेतला आणि सगळ्यांना नीट समजावलं. ही त्याची खरी खुबी. निदान करून तो गप्प बसत नसे, ते घरच्यांच्या गळी उतरवूनच उठे. "हे भेगेच्या खाली सेन्सर दिसते नं, हे गाडीचं नाक. धूर हुंगते अन कंप्यूटरले सांगते, जेवन बरोबर झालं का नाई. भेगेतून धूर भायेर निंगते, अन दर ठोक्याच्या मधात भायेरची हवा आत ओढल्या जाते. नाकाले वाटते, हवाच हवा हाये, गाडी उपाशी हाये. कंप्यूटर म्हन्ते, वाढा पेट्रोल. पोट भरलं तरी वाढतच राह्यते. म्हनून प्लग काया, म्हनून पेट्रोल जास्त, म्हनून उभी केली की गुदमरते. गरम झाली की बीड फुगते, भेग दबते. आवाज बंद होते, पन हवा थोडी थोडी जातच राह्यते. नाक बदललं, पंप बदलला, काय उपयोग? गाडी कवाच उपाशी नव्हती." मग कप खाली ठेवून म्हणाला, "अन चालवनाराच्या हाताचा याच्यात केसाएवढाही दोष नाई. उलट थे टकटक यायनं ध्यानात ठेवली नसती, तं मीही आणिक चार पार्ट बदलले असते. माह्यासारखा मिस्त्री!"

तो एवढं बोलला हे वर्षालीला फार मोठं वाटलं. अकोट ते अकोला ज्याच्यासारखा कोणी नाही, त्याने सगळ्यांदेखत आपल्या शेंदरातलं चिमूटभर काढून तिला लावलं होतं.

नत्थुजी उठले आणि घरात गेले. मैनाबाईने सुनेकडे पाहिलं. दोघींना वाटलं, ते रागावले. देवाच्या नारळात खोट निघाली, ती परक्या माणसाने काढली, आणि तीही सुनेसमोर. कोणाही म्हाताऱ्याला झोंबलं असतं. थोड्या वेळाने ते बाहेर आले, मोबाइल कानाला, आवाज गावाला ऐकू जाईल एवढा. "सहदेव? नको येऊ उद्या. नाई, नाई, तुह्यं काई चुकलं नाई. आमच्या घरी डायवर हाये."

फोन बंद करून ते वर्षालीपुढे उभे राहिले. किल्ली तिच्याच हातात होती, त्यामुळे द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. "तुह्याच कवतिकानं फोडला होता नारय," ते म्हणाले. "गाडी थंडी होईस्तोर मले दम निंगाला नाई, पोरी. अन मंग तुलेच बोल लावत बसलो."  वर्षाली खाली वाकून त्यांच्या पाया पडली, मुख्यतः आपलं तोंड कोणाला दिसू नये म्हणून.

अकोल्याहून नवा नळ आला, गजेंद्रने तो बसवला, जुना भेगेचा नळ मैनाबाईने तुळशीमागे ठेवून दिला. कुंकू लागलेली वस्तू टाकणार कशी! दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाली गाडी घेऊन निघाली. टकटक नव्हती. पानमळे गेले, पूल गेला, अकोट गेलं, अकोल्याच्या सिग्नलला गाडी शांत उभी राहिली, आणि दिवा लागला नाही.

ती परत आली तेव्हा नत्थुजी अंगणात खाट टाकून बसलेले. मांडीवर नारळ. नवा भाग बसला होता, त्याची पूजा व्हायला हवी, आणि यावेळी नारळ बॉनेटखाली नव्हे, चाकापुढच्या दगडावर फोडायचा असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. तरीही त्यांनी सुनेला विचारलं, "झाली का थंडी?"

"नाई झाली, मामाजी."

ते थांबले. ऊन पिंपळामागे सरकलं. मैनाबाईने दोनदा हाक मारली. नारळ मांडीवर तसाच, आणि दर थोड्या वेळाने तोच प्रश्न, शाळेतल्या पोरासारखा: "पाह्य बरं हात लावून. आता?"

वर्षालीने बॉनेटखाली हात घालून बिडाला तळवा लावला. ते केव्हाच गार झालं होतं. पण दसऱ्यापासून आजवर तिने काय काय ऐकून घेतलं होतं, ते तिला आठवलं. तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "अजून थोडं थांबा, मामाजी."

आणि नत्थुजी मुकाट्याने थांबले.